पदार्थविज्ञान-शिक्षणाच्या संशोधकाची वाट

ठाण्याहून कुर्ल्याकडे धीमी गाडी चालली आहे. शेजारच्या रुळांवरून जलद गाडी मागून येते व तिला गांठून पुढें निघून जाते. ज्या क्षणीं दोन्ही गाड्या अगदीं बरोबरीनें येतात, त्या क्षणीं त्यांचा वेग सारखा असतो काय? नसतो, नाहीं तर एक दुसरीच्या पुढें जातीच ना! तथापि १९८० सालीं ट्रोब्रिज व मॅकडरमॉट यांनीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, दोन पट्ट्यांवरून धांवणाऱ्या गोळ्यांविषयीं असाच प्रश्न केला असतां, महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांनीं गोळे शेजारीं येण्याचा क्षण हाच समान वेगाचा क्षण मानला. स्थान आणि वेग यांची ही गल्लत केवळ आळसानें होत नाहीं. तिच्यामागें एक विचार असतो, आणि तो हुडकून काढणें हेंच कांहीं पदवीधर आपलें कार्य मानतात.

श्रोतेहो, मानपाड्याच्या एखाद्या घरांतील मुलगी एम्. एस्सी. होऊन या संशोधनाकडे वळूं म्हणेल, तर तिला देश सोडण्याचें कारण नाहीं. घोडबंदर रस्त्यानें ठाणें स्थानक, तेथून कुर्ला, आणि कुर्ल्यास गाडी बदलून मानखुर्द. तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तें १९७४ सालीं निघालें, व्ही. जी. कुलकर्णी हे पदार्थवैज्ञानिक त्याचे पहिले संचालक. पानसे, रामदास व अरविंद कुमार यांनीं संदर्भचौकटीविषयींच्या समजुतींचा अभ्यास १९९४ सालीं प्रसिद्ध केला. चौकट म्हणजे एखादी भरीव वस्तु, आणि वस्तु संपली कीं चौकटहि संपली, अशी समजूत त्यांस आढळली. गाडीची चौकट जणूं डब्याच्या भिंतीपाशींच थांबते, बाहेरचें झाड तींत येतच नाहीं!

घरांत मात्र दुसराच प्रश्न निघतो: पांच-सहा वर्षें यांत घालविल्यावर पोरीनें पुढें करायचें काय? हा प्रश्न क्षुद्र नाहीं. मॅकडरमॉटबाईंनीं वॉशिंग्टन विद्यापीठांत हें संशोधन पदार्थविज्ञान विभागांतच रुजविलें. त्यामुळें त्यांच्या शिष्यांस पदवी मिळाली ती पदार्थविज्ञानाची. मानखुर्दची पदवी विज्ञान-शिक्षणाची. येथील पदार्थविज्ञानाचे विभाग तिच्याकडे परक्याच्या नजरेनें पाहतात, आणि शिक्षणशास्त्राचीं महाविद्यालयें एम्. एड्. मागतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहण्याचाच हा प्रकार. विद्यार्थ्यांच्या चुका शोधणारा संशोधक ज्या विभागास सर्वांत उपयोगी, त्याच विभागाचें दार त्याला जड जावें, हें विचित्रच म्हटलें पाहिजे.

इतर वाटा आहेत. पाठ्यपुस्तकें, शिक्षकांचें प्रशिक्षण, पदार्थविज्ञान ऑलिंपियाडची तयारी (भारत तींत १९९८ पासून उतरतो), परदेशांतील विद्यापीठें. होशंगाबादेस १९७२ सालीं सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षणाच्या कामांतून पुढें १९८२ सालीं ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. अशा संस्थांतहि काम मिळतें. वेतन बेताचें, पण शाळा जवळून दिसते.

महाविद्यालयांतच शिकवावयाचें असेल, तर त्या मुलीनें एम्. एस्सी.च्या बळावर पदार्थविज्ञानाची पात्रता-परीक्षा आधींच उतरून घ्यावी, आणि प्रबंध चालू असतां एखाद्या वर्गावर आठवड्यांतून दोन तास तरी शिकवीत राहावें. मुलाखतीस तोंड देतांना तिच्यापाशीं मग प्रबंधाखेरीज एक वर्गहि असेल. आणि प्रवेशापूर्वीं केंद्रांतून बाहेर पडलेल्या दोघां-चौघांस गांठून, ते कोठें आहेत व तेथवर कसे पोहोंचले, हें तिनें वडिलांसमक्षच विचारावें.