कोयंडा उपटण्याआधी

बिदर, भालकी, आळंद भागातली आपली बरीच घरे आता वर्षभर बंद असतात. मुले पुण्या-हैदराबादेत, दार उघडते गौरी-गणपतीला. नेमकी तेव्हाच किल्ली सापडत नाही. मग कोयंडा उपटतो आणि आजोबांच्या वेळची सागवानी चौकट फाटते. तशी चौकट पुन्हा होत नाही. म्हणून आपलेच कुलूप न फोडता उघडायला आम्ही शिकतो आहोत. सराव मात्र हातातल्या जुन्या कुलपावर, दाराच्या नव्हे.

पिनांच्या कुलपात प्रत्येक पिनेचे दोन तुकडे असतात. त्यांचा सांधा बरोबर कडेला आला, तरच मधली फिरकी फिरते. छिद्रे तंतोतंत एका रेषेत नसतात, म्हणून एका वेळी एकच पिन अडते. आधी ती शोधायची.

काहीच हलत नाही? ताण जास्त आहे. पट्टीवर बोट नुसते टेकवा. सगळ्या पिना सैल लागतात? ताण कमी आहे. पिन वर गेली, तरी फिरकी अडली? ती जास्त ढकलली गेली. ताण सोडून पुन्हा सुरुवात करा. पिना चिकटतात? खोबरेल नको, त्यावर धूळ बसते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला.

लिव्हरच्या कुलपाला ही हत्यारे चालत नाहीत. तिथे कारागीर बोलवावा. पावसाळ्यात लाकूड फुगून खटका अडतो. दार ओढून धरून किल्ली फिरवा.

आणि जादा किल्ली शेजारी ठेवा. शेजारधर्म अजून शिल्लक आहे. गणपती बाप्पा मोरया!