चावडीवरचा रेडिओ



महोत्सवाच्या ह्या प्रसंगीं आमच्याकडून गंभीर प्रवचनाची अपेक्षा असेल; परंतु आम्हीं विषय योजिला आहे रेडिओचा. भवानीनगर व सणसरकडील वडीलधाऱ्यांशीं बोलूं लागलें कीं, कारखान्याचा भोंगा, उंसाच्या बैलगाड्यांची रांग आणि रेडिओ हीं तिन्ही त्यांच्या तोंडीं एकत्रच येतात.

पुणें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तेथून माडगूळकर-फडक्यांचें गीतरामायण ऐकूं येई. एकंदर गीतें छपन्न. आम्ही त्यापुढील पिढीचे. सुधा नरवणे ह्यांच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या हेंच आमचें घड्याळ. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागे, आणि नेमकें पहिल्या क्रमांकाचें गीत खरखरींत बुडे! ते सायानीही २० फेब्रुवारी २०२४ रोजीं निवर्तले.

१९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें केंद्रानें शेतकऱ्यांसाठीं एक प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपल्यावर मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या विषयाची चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे लिहून जात. जें यंत्र केवळ बोलावयास शिकलें होतें, त्यास अशा रीतीनें ऐकावयासही लावलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. चावडीची आठवण सर्वांसच सारखी गोड नाहीं. आपल्यांपैकीं अनेकांच्या आजोबांस तिच्या पायरीखालींच उभें राहावें लागे. स्त्रिया तर तेथें क्वचितच जात. तथापि आवाजास पायरी अडवीत नाहीं. खालीं उभ्या असलेल्यासही बाजारभाव त्याच क्षणीं, त्याच शब्दांत कळे. कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नसे. जुनें तें सारें चांगलें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. रेडिओपुरते मात्र आहों.

आतां जागा पालटल्या. दौंड-बारामतीची अरुंद रुळांची गाडी गेली, रुंद रुळांची आली; उंसाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर धडधडतात. एका ओसरीवर पांच जण पांच निराळे आवाज कानांत घालून बसतात, आणि आजी काय म्हणाली तें एकासही ऐकूं येत नाहीं. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रानें शारदा कृषिवाहिनी काढून शेतकऱ्याशीं पुन्हां रेडिओवरून बोलणें आरंभिलें, ह्याचा आम्हांस संतोष वाटतो. परंतु एकत्र बसून ऐकण्याची सोय आपली आपणच केली पाहिजे.

तेव्हां आमच्या मनांत असें आहे कीं, दर रविवारीं मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर एक संच मांडावा. अर्धा तास ऐकावें, अर्धा तास बोलावें. चटई सर्वांस एकच. माळ्यावर ज्यांचे जुने संच धूळ खात पडले असतील, त्यांनीं ते आणून द्यावे. दुरुस्तीचें आम्ही पाहूं.