सातबाऱ्यावरची तीन अक्षरे

(युवा शिबिरातील भाषण)



कायद्याच्या मराठीत 18 वर्षांखालच्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात. तुमच्यापैकी बरेच जण नुकतेच सज्ञान झाले आहेत. घरी गेलात की शेताचा सातबारा काढा. अब्बांच्या मागे तुमचे नाव लागले असेल, तर तिथे 'अ.पा.क.' ही अक्षरे दिसतील. अज्ञान पालक कर्ता. त्यापुढे बहुधा अम्मीचे नाव असते. ते वाचून सगळा गाव समजतो, की जमीन विकायचा अधिकार अम्मीला आहे. तसे नाही. फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि पालकत्वही मिळत नाही.

हिशेबाने सांगते. एक माणूस वारला. आईवडील आधीच गेलेले, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि 4 एकर जमीन, म्हणजे 160 गुंठे. कर्ज वगैरे नाही असे धरू. बायकोचा हिस्सा 1/8, म्हणजे 20 गुंठे. उरलेल्या 140 मध्ये मुलांना 56-56 आणि मुलीला 28. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचा कर्ता नसतो. बाप गेला त्या क्षणी ज्याचा त्याचा हिस्सा ठरतो, मूल पाळण्यात असले तरी. अम्मी स्वतःचे 20 गुंठे विकू शकते. 140 गुंठ्यांवर तिची सही चालत नाही.

मग कोणाची चालते? आपल्या व्यक्तिगत कायद्यात मालमत्तेचे पालक चारच: वडील, वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेला वसी, वडिलांचे वडील आणि त्यांनी नेमलेला वसी. या यादीत आई नाही, पण चाचाही नाहीत, मोठा भाऊही नाही! आईचे नाव नाही हे सगळ्यांना पाठ असते, चाचांचे सोयीने विसरले जाते. कितीतरी घरांत मी पाहिले, चाचा व्यवहार ठरवतात आणि अम्मीचा अंगठा घेतात. दोन बिनअधिकाराच्या सह्या जोडून एक अधिकार तयार होत नाही.

आईने असा केलेला व्यवहार मुळातच पोकळ आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्ये इमामबंदी खटल्यात सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तेच धरले. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे प्रश्न पुन्हा आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आपल्यावर बंधनकारक आहेत असे म्हणून त्यालाही थांबावे लागले. शेजारच्या हिंदू घरातली विधवा 1956 च्या कायद्याने मुलांची नैसर्गिक पालक असते. तिलाही जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागते, पण पालक आहे हे आधी सिद्ध करावे लागत नाही. मूल वाढवायला आई चालते, त्याचे 56 गुंठे सांभाळायला चालत नाही, हे मला अन्याय्य वाटते आणि ते बदलले पाहिजे. अनाथांचा माल जपा, ते समजते झाले की साक्षीदारांसमोर त्यांच्या हवाली करा, असा हुकूम सूरह निसामध्ये आहे. पालकांची ही यादी मात्र फिक्हच्या ग्रंथांतली.

कायदा बदलेपर्यंत दोन वाटा आहेत. पहिली अब्बा हयात असतानाची. सुन्नी कायद्यात वडील मृत्युपत्राने आईलाच वसी नेमू शकतात, आणि मग तिचा क्रम आजोबांच्याही आधी लागतो. (शिया घरांत आजोबा हयात असतील तर हे चालत नाही.) एका कागदाचे काम आहे, पण मरणाचा विषय कोण काढणार, म्हणून राहून जाते. तुम्ही काढा.

दुसरी वाट जिल्हा न्यायालयाची. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे हित पाहून न्यायालय आईला मालमत्तेची पालक नेमू शकते. त्यानंतरही विक्री, गहाण, बक्षीस किंवा 5 वर्षांहून जास्त भाडेपट्टा यांना न्यायालयाची परवानगी लागते. गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसला तरच ती मिळते. हेलपाटे पडतात, खरे आहे. पण बहिणीच्या फीसाठी अर्धा एकर विकायचाच असेल, तर मुलांचे हित आणि खरेदीदाराचे पैसे दोन्ही याच वाटेने सुरक्षित राहतात. बँकेतले खाते मात्र सोपे आहे. आई पालक म्हणून ते उघडू शकते.

आता तुमच्याबद्दल. 18 पूर्ण झाले की न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडून हिशेब मागता येतो. त्याने परवानगीविना काही विकले असेल, तर ते रद्द करून घ्यायला सज्ञान झाल्यापासून 3 वर्षे मिळतात. अधिकारच नसलेल्याने विकले असेल तर मुदत वेगळी मोजतात. तीही संपते, तेव्हा कागद घेऊन वेळेत वकिलाकडे जा.

मुलींनो, अठरावा वाढदिवस झाला की घरात 'हक्कसोड' हा शब्द ऐकू येऊ लागतो. 18 च्या आधी घेतलेली तुमची सही कायद्याने काहीच नाही, म्हणूनच ते थांबलेले असतात. त्या 28 गुंठ्यांवर सही करायची घाई तुम्हाला नाही. आधी जन्माचा दाखला घेऊन अपाक शेरा कमी करण्याचा अर्ज द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम त्यांच्याकडेच आहे, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो.