सांकेतिक चिठ्ठीपासून चित्रापर्यंत

हौसेखातर प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल, तर ज्युलियस सीझरच्या सांकेतिक लिपीपासून सुरुवात करा. सीझर प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचं तिसरं अक्षर लिहीत असे. मराठीत तसं केलं, तर क चा घ, म चा ल, ल चा ष होतो. म्हणजे ‘कमल’चं ‘घलष’. काना, वेलांटी मात्र जागच्या जागी ठेवा. युनिकोडमध्ये ती स्वतंत्र चिन्हं असतात, सरकवली तर शब्द विस्कटतो. ळ संपला की पुन्हा क पासून मोजायचं. संगणकाला हे भागाकारातली बाकी काढायला लावून सांगतात. व्यंजनं ३४, म्हणजे फार तर ३३ प्रयत्नांत गुपित फुटतं! ते फोडणारा प्रोग्रॅमही तुम्हीच लिहा, खरी मजा तिथे आहे.

हीच बाकी चित्रही काढते. पायथनमधलं टर्टल वापरून वर्तुळावर २०० बिंदू मांडा, त्यांना ० ते १९९ क्रमांक द्या. प्रत्येक बिंदू दुप्पट क्रमांकाच्या बिंदूला जोडा. १५० ची दुप्पट ३००, २०० ने भागून बाकी १००. सगळ्या रेषा सरळ, तरी आत हृदयाच्या आकाराचा वक्र उमटतो, कार्डिऑइड. दुपटीऐवजी तिप्पट करून पाहा, एका खाचेऐवजी दोन दिसतील.