संगणकातली बोंडअळी



गुलाबी बोंडअळी कोवळ्या बोंडात शिरते आणि मागचे छिद्र बुजते. वरून बोंड हिरवेगार. फुटल्यावर कळते, आतली सरकी पोखरलेली. संगणकातला व्हायरस असाच असतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये हेच घडले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत चोरांचा प्रोग्राम शिरला. बनावट कार्ड लागले की खात्यात पैसा आहे का, हे न बघताच मंजुरी जायची. देशविदेशातल्या एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका खात्यात मिळून ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीला कुणी हातही लावला नाही.

२०२२ च्या केंद्राच्या योजनेनंतर आपल्या सेवा सोसायट्यांचे दप्तर संगणकावर चढू लागले. त्यात तुमचे पीककर्ज आहे, तुमची परतफेड आहे. ते दप्तर बिघडले तर कर्ज फेडल्याचे सिद्ध कसे करणार? म्हणून आमसभेत तीन प्रश्न विचारा.

एक : दप्तराची दुसरी प्रत रोज निघते का, आणि ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवतात का?

दोन : कुणाचाही पेन ड्राइव्ह लावतात का? अनोळखी ईमेल उघडतात का?

तीन : प्रोग्रामच्या दुरुस्त्या वेळेवर चढवतात का? फरदड ठेवली की अळीला घर मिळते. जुना प्रोग्राम तसाच.

हे काम एकट्या सचिवाचे नाही. सभासदाने विचारले तरच ते होते. आणि भरण्याची पावती कागदावर घ्या, घरी जपून ठेवा.