दारावरची झडती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठीत दोन शब्द आहेत. तपासणी आणि झडती. तपासणी डॉक्टर करतात, शाळेत गुरुजी वह्यांची करतात. झडती मात्र पोलीस घेतात, तीही ज्याच्यावर संशय आहे त्याची. माझ्या घरात उर्दूही बोलली जाते. उर्दूत ‘तलाश’ हा शायरांचा लाडका शब्द. त्याला शेवटी एक ईकार लागला की ‘तलाशी’ होते, आणि शब्द मुशायऱ्यातून उठून थेट ठाण्यात जाऊन बसतो. स्टेडियमच्या दारावर आपल्या अंगावरून हात फिरतो, तेव्हा नेमकं काय होत असतं? तपासणी की झडती? आज त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

नागपूर म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं. पण आमच्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत फुटबॉलचं वेड जुनं आहे. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ. अशा स्थानिक सामन्याला पुष्कळदा दार नसतंच. कुणी रेषेला खेटून उभा, कुणी सायकलच्या सीटवर, कुणाच्या खिशात फुटाणे. कोण कुणाचा पोरगा, हे सगळ्यांना ठाऊक. तिथे ओळख हाच पहारा असतो.

हीच पोरं मोठ्या सामन्याला वर्धा रोडवर जामठ्याला जातात, तेव्हा खेळ क्रिकेटचा असतो आणि ओळख संपलेली असते. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी मुंबईला वानखेडेवर आला, तेव्हा पाण्याची बाटली, धातूच्या वस्तू, नाणीसुद्धा आत नेऊ नयेत असं पोलिसांनी सांगितलं होतं. आमच्याकडच्या फुटबॉलवेड्यांत त्यावर बरीच चर्चा झाली. मी ती कान देऊन ऐकली. नवल म्हणजे, झडतीच नको असं म्हणणारा एकही भेटला नाही.

ते खरंही आहे. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये फ्रान्स-जर्मनी सामना सुरू असताना आत्मघातकी हल्लेखोरांनी स्टेडियमबाहेर स्फोट केले. आत हजारो माणसं होती, पण हल्लेखोर आत पोहोचू शकले नाहीत. एप्रिल २०१० मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमपाशी आयपीएलच्या सामन्याआधी स्फोट झाले, ते आपल्याही स्मरणात असतील. बाटलीबंदीलाही कारण आहे. १९९६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर बाटल्या भिरकावल्या गेल्या, आगी लागल्या आणि सामना अर्धवट सोडून श्रीलंकेला बहाल करावा लागला. दारावरचा हात असा उगाच आलेला नाही.

पण प्रेक्षकांचं दुसरं म्हणणंही ऐकायला हवं. ‘भाऊ, खिसे घ्या तपासून, पण रांग तर हलू द्या,’ असं एक जण म्हणाला. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. मे २०२२ मध्ये त्याच पॅरिसच्या स्टेडियमात लिव्हरपूल आणि रिअल माद्रिदचा अंतिम सामना होता. तिकीट बघायला आणि झडती घ्यायला जो पहिला अडथळा लावला होता, तिथेच लोंढा तुंबला. माणसं चेपली, वर अश्रुधूर सोडला गेला. आधी बोट दाखवलं गेलं ते खोटी तिकिटं घेऊन आलेल्या समर्थकांकडे. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी आयोजक असलेल्या युएफावर, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेवरच टाकली. आणि ४ जून २०२५ ला बंगळुरूत विजयोत्सवाच्या वेळी ११ जण गेले, तेही चिन्नास्वामीच्या दारांपाशीच. कुणाच्या खिशात काही नव्हतं. गर्दी होती आणि दार अरुंद होतं.

नागपूरकरांनी तर हा धडा फार आधी घेतला आहे. २६ नोव्हेंबर १९९५. सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए मैदान, भारत-न्यूझीलंड सामना. दोन डावांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांच्या स्टँडची भिंत कोसळली. माणसं मेली, कित्येक जखमी झाली. सामना मात्र पूर्ण झाला. त्या माणसांचे खिसे कितीही तपासले असते तरी ती वाचली नसती. तपासायला हवी होती ती भिंत. श्रोतेहो, मला वाटतं सुरक्षेचा अर्थ इथे कळतो. प्रेक्षकापासून मैदान वाचवायचं असतं, तसंच मैदानापासून प्रेक्षकालाही वाचवायचं असतं. झडती एकाच बाजूने झाली, तर तो अर्धा बंदोबस्त.

आता थोडं नाजूक बोलतो. मेटल डिटेक्टरची चौकट मला आवडते. ती सगळ्यांसाठी सारखीच वाजते. माणसाचा हात तसा नसतो. एका दारावर, कुठल्या ते सांगत नाही, माझ्यापुढच्या चौघांचे खिसे चाचपून सोडलं. माझी दाढी पाहून ‘चाचा, जरा बाजूला या’ म्हणाले. ओळखपत्रावरचं नाव वाचून पुन्हा एकदा खिसे उलटे केले. निघालं काय, तर चष्म्याची डबी आणि एका अर्धवट कवितेचा कागद. मला राग कमी आला, वाईट जास्त वाटलं. मागे रांगेत उभ्या पोरांनी ते पाहिलं होतं. सामना सुरू झाला की मी आणि तो शिपाई एकाच संघासाठी टाळ्या वाजवणार होतो. मग दारावरच आमचे दोन संघ का व्हावेत? मला सूट नको. माझी झडती जरूर घ्या, पण माझ्या पुढच्याची जेवढी घेतली तेवढीच घ्या. आणि पलीकडच्या पासवाल्यांच्या दारातून गाड्या सरळ आत जातात, त्यांनाही त्याच चौकटीखालून येऊ द्या.

उपाय फार अवघड नाहीत. काय न्यायचं नाही याची यादी तिकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावी. वस्तू फेकून देण्याऐवजी टोकन देऊन ठेवून घ्याव्यात. गावाकडून एसटीने आलेला माणूस आपला डबा आणि हेल्मेट कुठे ठेवणार? आमचा विदर्भाचा खर्रा खुशाल काढून घ्या, त्यात प्रेक्षकाचंच भलं आहे. पण बाटली काढून घेतली, तर आत प्यायचं पाणी फुकट आणि भरपूर हवं. नागपूरचं ऊन काही आपली बाटली जप्त करू देत नाही. बायकांसाठी महिला पोलीस आणि आडोसा हवा, बुरख्यातल्या बाईला तर तो हवाच. तान्ह्या लेकराची दुधाची बाटली डब्यात टाकायची वेळ कुणावर येऊ नये. आणि दारं भरपूर हवीत, वेळेवर उघडायला हवीत.

हे सगळं झालं तर त्या हाताचा स्पर्श बदलेल. घरातून निघताना आई खिसा चाचपून विचारते, ‘रुमाल घेतलास का, पैसे नीट ठेवलेस का?’ तीही तपासणीच. तिचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण तो हात आपल्या बाजूचा असतो. प्रेक्षकाचं मागणं एवढंच आहे, की दारावरचा हात आपल्या बाजूचा असावा.