बेथेल : घर सुटलेल्याने वसवलेलं घर

जालना म्हटलं की मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळया आठवतात. पण याच जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे. ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

नारायण ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत ते शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनमध्ये राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. पण खरा खटला पुढेच होता. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत परत कसं घ्यायचं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला.

एका भावाला घर सोडायची किंमत पडली, दुसऱ्याला घरी परतायची. धर्मांतरावर आपण आजही हिरिरीने बोलतो, पण परतणाऱ्यासाठी दार किती उघडतो, हे क्वचितच विचारतो.

नारायणरावांनी १८६०च्या दशकात जालना गाठलं. इथल्या मांग-महार वस्त्यांमध्ये ते वावरले. नव्या धर्मात आलेल्या माणसाला जुन्या गावात धड जागा उरत नसे, आणि अस्पृश्याला तर ती आधीच वेशीबाहेर होती. म्हणून त्यांनी वेगळं गावच वसवलं : घरं, शेती, शाळा, चर्च. जमीन दिली निजाम सरकारने, सर सालारजंग दिवाण असताना. जन्माने ब्राह्मण असलेला पाद्री, मुसलमान राजवटीची जमीन आणि वेशीबाहेरची माणसं, असं हे गाव उभं राहिलं. १८९१ साली परदेशातून परतताना समुद्रप्रवासात नारायणरावांचं निधन झालं.

बेथेल हा हिब्रू शब्द. अर्थ, देवाचं घर. त्यातला ‘बेथ’ म्हणजे अरबीतला ‘बैत’. आम्ही काबागृहाला बैतुल्लाह म्हणतो, तेही देवाचं घरच. शायरीतल्या दोन ओळींच्या जोडीलाही बैतच म्हणतात. दोन ओळी एका छपराखाली आल्या की बैत होते.

नारायणरावांचा धर्म आपला असो वा नसो, त्यांची मतं पटोत वा न पटोत. ज्याचं स्वतःचं घर सुटलं, त्याने बेघरांसाठी घर बांधलं. जालन्याच्या माणसाने एवढं तरी लक्षात ठेवावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)